पटाशिवाय डाव



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही डोळे मिटून बुद्धिबळ खेळता म्हणे, त्यावर दहा मिनिटं बोला." आधीच सांगून टाकतो, मी मोठा खेळाडू वगैरे नाही. डोळे मिटून खेळतो ते एकाच माणसाशी, आणि बहुतेक वेळा हरतो. तो माणूस समोर तिसऱ्या रांगेत बसलाय. नाव घ्यायचं नाही अशी त्याची अट आहे. पण मधल्या सुट्टीत व्हरांड्याच्या टोकाला पुठ्ठ्याचा पट मांडून कोण बसायचं, हे आपल्या तुकडीला सांगायला नको. एक हत्ती हरवला होता, त्याच्या जागी खडूचा तुकडा उभा करायचो. प्यादं एकच घर चालायचं आणि राजाला एकदा घोड्याची उडी. आंतरराष्ट्रीय नियम आम्हाला कॉलेजात गेल्यावर कळले.

बावन्नाव्या वर्षी काचबिंदूनं त्याची नजर गेली. मी एकदा भेटून आलो, चहा घेतला, आणि नंतर आठ महिने तिकडे फिरकलो नाही. काय बोलायचं ते सुचत नव्हतं, असं मी स्वतःला सांगत होतो. आज तो समोर आहे म्हणून सर्वांच्या देखत सांगतो, मी टाळत होतो.

शेवटी त्याचाच फोन आला. "डाव टाकतोस का? तोंडी."

मी हो म्हटलं आणि गुपचूप टेबलावर पट मांडला. तो पांढऱ्यानं खेळला. राजापुढचं प्यादं दोन घरं, मग घोडा, मग उंट. मी माझा उंट आणून त्याचा घोडा जखडला. घोडा हलला की मागचा वजीर उघडा. त्यानं दुसरा घोडाही बाहेर काढला, मी एक प्यादं सरकवलं, आणि त्यानं जखडलेलाच घोडा उचलून माझं मधलं प्यादं मारलं! मला गलबलून आलं. विसरला बिचारा. मी म्हटलं, "अरे, वजीर जातोय तुझा. परत घे खेळी."

"घे की वजीर," तो म्हणाला.

घेतला. त्याच्या उंटाचा शह, माझा राजा एक घर पुढे, दुसऱ्या घोड्याची उडी, मात. सातव्या खेळीत. पॅरिसच्या लेगालच्या नावानं हा सापळा प्रसिद्ध आहे. हा लेगाल म्हणजे फिलिदोरचा गुरू, आणि फिलिदोरनं १७८३ साली लंडनमध्ये पट न बघता एकाच वेळी तीन डाव खेळून लोकांना चकित केलं होतं. हे मला मागाहून कळलं. त्या रात्री मी नुसता गप्प. तोच म्हणाला, "आणि तुझ्यासमोर पट आहे. मोहरा ठेवल्याचा आवाज येतो. लाव की, पण मला सांगून लाव."

दुसऱ्या दिवसापासून मी शिकायला बसलो.

सुरुवात घरांच्या रंगांपासून. उभ्या रांगेचा आणि आडव्या रांगेचा क्रमांक मिळवायचा. बेरीज सम आली तर घर काळं, विषम आली तर पांढरं. बसमध्ये, रांगेत, बायको बोलत असताना (तिला ते कळायचं) मी हेच करत असे. मग घोडा. एका कोपऱ्यातून तिरक्या समोरच्या कोपऱ्यात न्यायला निदान सहा उड्या लागतात; त्या मनात मोजायच्या. मग छापलेले छोटे डाव डोळे मिटून खेळून बघायचे. दहाव्या-बाराव्या खेळीला धुकं पडायचं. आधी हरवायची ती कोपऱ्यात उगाच बसलेली मोहरी.

माझी समजूत होती की मनात पटाचा फोटो उमटला पाहिजे. आल्फ्रेड बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञानं असे खेळाडू अभ्यासले आणि १८९४ साली पुस्तक लिहिलं. त्याला आढळलं ते वेगळंच. तरबेज खेळाडूंना लाकूड, रंग, आकार फारसे दिसत नाहीत. कोण कुणावर रोखलेलं आहे ते जाणवतं. मी फोटोचा नाद सोडला आणि मग कुठे वीस खेळ्यांपर्यंत पोचलो. पहिला पूर्ण डाव जमायला अकरा महिने लागले.

या विद्येतले विक्रम अफाट आहेत. तिमूर गारेयेवनं २०१६ मध्ये लास व्हेगासला एकाच वेळी ४८ जणांशी असा सामना केला. पण मला आठवतो तो नायडॉर्फ. १९३९ साली ऑलिंपियाडसाठी ब्वेनोस आयर्सला आलेला हा पोलिश ज्यू खेळाडू महायुद्ध पेटल्यामुळे तिथेच राहिला. त्यानं १९४३ मध्ये ४० पटांचा विक्रम केला, तो बातमी पोलंडमध्ये घरच्यांच्या कानी पडावी या आशेनं. १९४७ मध्ये साओ पाउलोला ४५. घरची माणसं मात्र युद्धात गेली होती.

आता गंमत ऐका. मी इतका खटाटोप करून पटाशिवाय तयार झालो, तोवर आमच्या या गृहस्थानं अंधांसाठीचा पट मागवला! काळी घरं किंचित उंच, प्रत्येक घराला भोक, काळ्या मोहऱ्यांच्या डोक्यावर टोक. हात फिरवून बघितलं तर चालतं. मोहरा भोकातून वर काढला तरच शिवलेला धरतात. म्हणजे आता पट त्याच्याकडे, आणि आंधळा मी. वर मला ऐकवतो, "तू डोळे मिटून खेळतोस, मी बघून खेळतो." फोनवर बी, डी, ई सारखेच ऐकू येतात, म्हणून आम्ही अंधांच्या स्पर्धांतली नावं घेतो: ॲना, बेला, सीझर, डेव्हिड, ईव्हा, फेलिक्स, गुस्टाव, हेक्टर. आमच्या घरी पाहुण्यांना वाटतं, परदेशातल्या नातेवाइकांची चौकशी चाललीय.

आज येताना गाडीतही डाव चालू होता. शाळेच्या फाटकाशी तो अर्धा राहिला. माझी खेळी आहे. जेवणाच्या पंगतीपर्यंत त्यानं मुदत दिलीय, तेव्हा माझं भाषण इथंच थांबवतो. गुस्टाव पाचवरचा त्याचा घोडा मला काही केल्या हलवता येत नाहीये.