हॅमस्टरचा आहार

सदाशिव पेठेंत कित्येक वाड्यांच्या जागीं आतां सदनिका उभ्या आहेत. अंगणांतल्या गाईला जाणारा घांस तेथें पिंजऱ्यांतल्या हॅमस्टरला मिळूं लागला आहे. परंतु वाटी रिकामी दिसली म्हणजे प्राणी उपाशी, असें मानणें चूक होय. अलेप्पोजवळ १९३० सालीं पकडलेल्या पिलांचा हा सोनेरी वंशज गालांच्या पिशव्यांतून दाणा नेऊन लपवितो. पुन्हां पुन्हां वाटी भरणारा जिव्हाळाच त्यास स्थूल करतो. दिवसाकाठीं सुमारें १० ग्रॅम मिश्र खाद्य, काकडीची चकती आणि ताजें पाणी पुरे. गूळ गालांत चिकटतो. कांदा, लसूण, संत्रें वर्ज्य. दांत आयुष्यभर वाढतात, म्हणून कुरतडावयास लांकूड हवें. संध्याकाळीं खाऊं घालावें, सकाळीं सांठ्यांतला ओला तुकडा काढावा. मुक्या जिवावरील माया मोजूनच वाढावी.