किण्वनातील आम्लासाठी खाद्यतेल

लॅक्टिक आम्ल साखरेच्या किण्वनातून मिळते; पण टाकीतल्या द्रावात आम्ल थोडे आणि पाणीच फार. जुन्या पद्धतीत चुना घालून कॅल्शियम लॅक्टेट बनवतात, मग त्यावर सल्फ्युरिक आम्लाची क्रिया करतात. त्यात टनभर आम्लामागे जवळपास टनभर जिप्सम उरते, आणि ते टाकायचे कुठे हा प्रश्नच असतो.

दुसरी वाट द्रावकाची. केरोसीन किंवा टोल्यूइनमध्ये ट्रायऑक्टिलअमाइन मिसळतात. हे अमाइन आम्लाचा रेणू धरून पाण्याबाहेर काढते. मात्र असे द्रावक ज्वालाग्राही असतात, शिवाय किण्वन करणाऱ्या जिवाणूंनाही बाधतात. म्हणून त्यांच्या जागी सूर्यफूल, सोयाबीन किंवा राइस ब्रॅन तेल वापरून पाहिले जाते. नुसत्या तेलात आम्ल फारसे उतरत नाही. खरे काम अमाइनचेच, आणि ते काही निरुपद्रवी नव्हे. ‘हरित’ हे विशेषण त्यामुळे जपूनच लावावे. अमाइन अविघटित आम्लालाच धरते, म्हणून द्रावाचा पीएच 3.86 च्या खाली असलेला बरा. तेल दाट असल्याने थर सावकाश वेगळे होतात. जोरात घुसळले तर पायस बनते. शेवटी सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडने आम्ल लॅक्टेटच्या रूपात पाण्यात परत आणतात. तो अल्क तीव्र झाला, तर तेलाचाच साबण होतो.