माजघरातल्या कढईचा हिशोब

(बल्लारपूर येथील बैठकीत केलेले भाषण)



या बैठकीला निघताना एका कार्यकर्त्याने आम्हाला अडवले. म्हणाला, "साहेब, कापसाच्या भावाचं सोडून आता गोळ्या-वड्यांवर भाषण देणार काय?" आम्ही म्हटले, कापसाच्या भावाचे सोडून नाही, तोच धडा दुसऱ्या पाटीवर गिरवायला चाललो आहोत.

कापूस बोंडातून निघाला की गाडीत भरून जातो. सरकी निराळी होते, रुई निराळी होते, सूत होते, कापड होते. ते कापड आपल्याच बाजारात परत येते तेव्हा त्याचा भाव विचारायची आपली छाती होत नाही. बल्लारपूरच्या माणसाला तर हे वेगळे सांगायला नको. जंगलातून बांबू गेला, कागद झाला, पोराची वही होऊन परत आला. बांबू तोडणाऱ्याच्या हाती काय राहिले? तोडणीची मजुरी. माल कच्चा जातो तोवर भाव दुसरा ठरवतो.

आता आपल्या फळांकडे पाहा. कार्तिकापासून आवळा, हिवाळ्यात पेरू, महाशिवरात्रीच्या सुमाराला कवठ, वैशाखात गावरान आंबा, मृगाच्या तोंडाला जांभूळ. बांधावर आहे, परसात आहे, जंगलात आहे. बाई डोक्यावर टोपली घेऊन बाजारात बसते. दुपार कलली की गिऱ्हाईक भाव पाडते, कारण त्याला ठाऊक आहे की हे फळ उद्यापर्यंत टिकणार नाही आणि बाई ते परत नेणार नाही. त्याच बाजारात दुकानाच्या बरणीत रंगीत, चघळायच्या जेलीच्या गोळ्या असतात. फळ विकून आलेल्या पैशातून तीच बाई लेकरासाठी त्या गोळ्या घेते. त्यात बहुधा फळाचा नुसता वास असतो.

१९९१ साली शेगावच्या मेळाव्यात शरद जोशींनी चतुरंग शेती मांडली. तिच्यातले एक अंग होते माजघर शेती. शेतातला माल घराच्या उंबऱ्याच्या आत एक पायरी तरी पुढे न्यायचा आणि मग विकायचा. आज तीच एक पायरी आम्ही कढई पुढ्यात ठेवून सांगणार आहोत.

दुकानातल्या चघळायच्या गोळ्यांत पुष्कळदा जिलेटिन असते. जनावरांची हाडे आणि कातडी शिजवून ते काढतात. कोणी काय खावे यावर आमचे म्हणणे नाही. पण ज्याला ते चालत नाही त्याला ते कळले पाहिजे, आणि आपल्याला त्याची गरजच नाही हेही कळले पाहिजे. जिलेटिनने जमवलेला पदार्थ साधारण ३५ अंशांच्या आसपास मऊ पडून वितळू लागतो, म्हणून तर तो तोंडात विरघळतो. आपल्या चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो. त्या उन्हात जिलेटिनची गोळी पिशवीत गोळा होऊन बसते.

फळात स्वतःची खळ असते. तिला पेक्टिन म्हणतात. फळाच्या पेशी एकमेकींना चिकटवून धरते ती हीच. कच्च्या फळात ती पुष्कळ असते. फळ पिकते तसतशी ती मोडते, म्हणून फळ मऊ होते. कवठ, पेरू आणि आवळा यांत ती भरपूर असते. पिकल्या आंब्यात कमी. पेक्टिनने एकदा धरले की आपल्या उन्हाने ते वितळत नाही. म्हणजे जो उन्हाळा जिलेटिनचा वैरी, तोच आपला वाळवणीचा सोबती.

पेक्टिन नुसते असून भागत नाही. चुलीला तीन दगड लागतात, तशा इथे तीन गोष्टी लागतात: पेक्टिन, आंबटपणा आणि साखर. एक दगड काढला की भांडे कलंडते. कवठात आंबटपणा अंगचाच आहे. पेरूत कमी, म्हणून एक किलो गराला दोन लिंबांचा रस घालावा.

आता कृती. कवठे चार घेतली तर तीन पिकलेली आणि एक अर्धकच्चे असे घ्या. चव पिकल्याची, खळ कच्च्याची. फोडून गर काढा, गराइतकेच पाणी घालून मंद आचेवर वीस मिनिटे शिजवा आणि चाळणीतून गाळा, म्हणजे बी आणि रेषा वर राहतील. हा गाळलेला गर एक किलो भरला तर पाऊण किलो साखर. भांडे स्टीलचे, जाड बुडाचे. आंबट फळाला ॲल्युमिनियमचे भांडे वापरू नका.

गर आधी आटवा, मग साखर घाला आणि उलथणे हलवत राहा. शेवटी शेवटी मिश्रण उडते, हाताला फडके गुंडाळा. गोळा कढईची कड सोडू लागला, उलथण्याने बुडाशी ओढलेली रेघ क्षणभर तशीच राहिली, की समजा झाले. थंड पाण्यात थेंब टाकून पाहा. पसरला तर आणखी आटवायचे, बोटांत गोळी झाली तर उतरवायचे. तूप लावलेल्या ताटात अर्धा बोट जाड थापा. दुसऱ्या दिवशी वड्या पाडा, पातळ कापड झाकून दोन-तीन दिवस वाळवा. बोटाला चिकटेनाशा झाल्या की कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

हे काही नवे शास्त्र नव्हे. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत नाताळाला पेरूचे पेराद करतात, ते याच रीतीचे. कोकणातली आंबापोळी आणि फणसपोळी नुसत्या वाळवणीवर चिवट होतात. आपल्या गावरान आंब्याचा रसही ताटात पातळ पसरून, वाळला की त्यावर दुसरा थर देऊन तसाच करता येतो. ज्याला झटपट काही हवे त्याने चायना ग्रास वापरावे. ते समुद्रातल्या शेवाळाचे असते, उन्हात वितळत नाही. पण त्याची वडी तुटक होते, चिवट होत नाही, आणि ते विकत आणावे लागते.

आता आमची फजितीही ऐका. पहिल्या वर्षी आम्ही जांभळापासून सुरुवात केली. कृषीची पदवी खिशात होती, म्हणून बायकांचे ऐकले नाही. एक म्हातारी म्हणाली होती, "बाबू, मिरगात वाळवण घालते का कोणी?" वड्या दिसायला झकास झाल्या. आठव्या दिवशी डबा उघडला तर वर पांढरी बुरशी. सगळा माल उकिरड्यावर गेला. धडा असा, की पावसाळ्यातल्या फळाचा गर साखर घालून आटवावा, कढत असतानाच उकळून घेतलेल्या बरणीत भरून झाकावा आणि वड्या ऑक्टोबरच्या उन्हात कराव्यात. आणखी एक धडा. गुळाची चव चांगली, पण गूळ ओल धरतो. हात साखरेवर बसवा, मग गुळाकडे वळा.

आता हिशोब, कारण हिशोबाशिवाय सांगितलेली गोष्ट म्हणजे कीर्तन. एक किलो गर आणि पाऊण किलो साखर मिळून वड्या होतात एक किलोच्या थोड्या वर. पावणेदोन किलो होणार नाहीत, पाणी उडून जाते. खर्चाच्या बाजूला लिहा: फळ, साखर, सरपण, कागद, डबा, बाजाराचे भाडे आणि बिघडलेला घाणा. मग एक ओळ राहते, ती कोणीच लिहीत नाही. कढईपुढे उभ्या राहिलेल्या बाईची मजुरी.

मागे एका गावात हे सगळे सांगून झाल्यावर मागच्या रांगेतली एक बाई उठली. म्हणाली, "भाऊ, वड्या आम्ही करू. पण पैसे कोणाच्या हातात येतील?" सभा गप्प झाली. आमच्याकडेही तयार उत्तर नव्हते. कापसाच्या उत्पादनखर्चात घरच्यांच्या घामाचे पुरते मोल धरत नाहीत, म्हणून आपण रस्त्यावर बसलो. तेच आपण आपल्या माजघरात करणार असू, तर आपल्यात आणि भाव पाडणाऱ्यात फरक काय? म्हणून आमचे सांगणे आहे की मजुरी पहिल्या ओळीत लिहा. ती धरून जो भाव निघेल त्याला माल विकला गेला तर धंदा. नाही गेला तर घरच्या लेकरांना खाऊ घाला, पण फुकट राबून कोणाला स्वस्ताई देऊ नका. आणि पैसा जिने कढई ढवळली तिच्या हातात, तिच्या नावाच्या खात्यात.

दोन गोष्टी कायद्याच्या. खाण्याचा माल विकायचा तर २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली लहान उत्पादकालाही नोंदणी लागते. ती करून घ्या. पाकिटावर घटक आणि तारीख लिहा, शाकाहाराची हिरवी खूण लावा. ती खूण हीच तुमच्या मालाची जाहिरात. दुसरी गोष्ट जंगलाची. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनहक्कधारकांचा गौण वनोपजावरचा मालकी हक्क मान्य केला. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ पासून आपला बांबू आपण विकला. ज्या गावाचा दावा पडून आहे त्या गावाने आधी तो मार्गी लावावा. आवळा-जांभूळ जंगलातून आणायचे तर हक्काने आणा, आणि फांद्या तोडून नव्हे. झाड उरले तर पुढच्या वर्षीचे फळ.

वड्या विकून कर्ज फिटेल असे आम्ही सांगत नाही. तसे सांगणारा कोणी आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. कापसाला आणि ज्वारीला भाव मिळाल्याशिवाय कोरडवाहू शेतकऱ्याची सुटका नाही. पण ज्या बाईने एकदा स्वतःच्या मालाचा भाव मजुरी धरून स्वतः ठरवला, आणि गिऱ्हाईकाच्या डोळ्याला डोळा भिडवून तो सांगितला, ती कापसाच्या वेळी गप्प बसणार नाही. आम्हाला वड्यांहून त्याचे मोल अधिक वाटते.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक डबा आणि एक कागद आणावा. डब्यात वड्या, कागदावर हिशोब. वड्या आपण वाटून खाऊ. कागद मात्र मोठ्याने वाचू.