सीमेपलीकडची मोटार आणि घरचा ग्राहक

('ग्राहक आणि राष्ट्रहित' या विषयावरील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

घरात नवी मोटार येणे हा आपल्याकडे आजही एक छोटासा सणच असतो. दसऱ्याचा किंवा पाडव्याचा मुहूर्त पाहिला जातो, गाडीला हार घातला जातो, नारळ फोडला जातो, पहिली फेरी देवळापर्यंत होते. त्याआधी कित्येक महिने घरात हिशेब चाललेला असतो. रंग कोणता, इंधन कोणते, हप्ता किती, या सर्वांवर चर्चा होते. एका प्रश्नावर मात्र ती क्वचितच होते. गाडीची ही किंमत ठरवली कोणी? आणि तीच गाडी, त्याच कंपनीची, सीमेपलीकडे स्वस्त मिळत असेल, तर तेथे जाऊन ती विकत घ्यावी आणि घरी आणावी, एवढे स्वातंत्र्य ग्राहकाला आहे काय?

आपल्याला हा प्रश्न काल्पनिक वाटेल. परंतु २००७ साली कॅनडातील हजारो कुटुंबांपुढे तो प्रत्यक्ष उभा राहिला. 'मुक्त व्यापार' या शब्दाचा अर्थ समजून घ्यायचा असेल, तर त्या कुटुंबांचा अनुभव एखाद्या जाडजूड ग्रंथाइतकाच बोलका आहे.

त्याची पार्श्वभूमी अशी. जानेवारी २००२ मध्ये कॅनडाचा डॉलर नीचांकाला पोहोचला होता. एका कॅनेडियन डॉलरला जेमतेम ६२ अमेरिकी सेंट मिळत. पुढच्या पाच वर्षांत चित्र पालटले. २० सप्टेंबर २००७ रोजी दोन्ही डॉलर समान पातळीवर आले; १९७६ नंतर प्रथमच हे घडले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तर कॅनडाचा डॉलर काही काळ १ अमेरिकी डॉलर १० सेंटांच्याही वर गेला. चलन बदलले, पण दुकानांतील किमतींच्या चिठ्ठ्या बदलल्या नाहीत. जुन्या विनिमय दराच्या काळात छापलेल्या किमती तशाच राहिल्या. परिणामी एकाच मोटारीच्या दोन्ही देशांतील किमतींत काही हजार डॉलरांचे अंतर दिसू लागले.

आता भूगोल लक्षात घ्या. कॅनडाच्या लोकसंख्येचा फार मोठा हिस्सा अमेरिकेच्या सीमेलगतच्या पट्ट्यात राहतो. विंडसर आणि डेट्रॉइट या दोन मोटारनगरींच्या मध्ये केवळ एक नदी आहे. फोर्ट एरीहून १९२७ साली बांधलेला 'पीस ब्रिज' ओलांडला की माणूस अमेरिकेतील बफेलो शहरात पोहोचतो. टोरांटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन या भागांत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनाही ही वाट अपरिचित नाही. तेव्हा कुटुंबप्रमुखाने सकाळी निघावे, पलीकडे जाऊन नवी गाडी घ्यावी आणि रात्रीच्या जेवणाला घरी यावे, इतके हे सोपे वाटत होते.

प्रत्यक्षात ते तसे नव्हते. नव्या गाडीची मालकी सिद्ध करणारी मूळ कागदपत्रे अमेरिकी सीमाशुल्क खात्याकडे गाडी नेण्यापूर्वी किमान ७२ तास आधी द्यावी लागत. कॅनडाच्या हद्दीत आल्यावर तेथील सीमाशुल्क अधिकाऱ्याकडे आयातीचा अर्ज भरावा लागे. वस्तू व सेवा कर, जो २००७ मध्ये ६ टक्के होता, तेथेच चुकता करावा लागे. वातानुकूलन यंत्रणेवर १०० डॉलरांचा वेगळा कर असे. गाडी उत्तर अमेरिकेत बनलेली नसेल, तर ६.१ टक्के आयातशुल्क द्यावे लागे. त्यानंतर आयात वाहनांच्या नोंदणीची यंत्रणा. सदोष भाग बदलण्याविषयीची कोणतीही सूचना या गाडीबाबत प्रलंबित नाही, असे कंपनीचे पत्र तेथे सादर करावे लागे. मग ठरलेल्या मुदतीत आवश्यक ते बदल करून गाडी तपासून घ्यायची, आणि मगच आपल्या प्रांताची नंबरपाटी लावायची.

हे सारेच नियम जाचक होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. दिवसाही गाडीचे पुढचे दिवे पेटते असावेत, असा कॅनडाचा नियम डिसेंबर १९८९ नंतर बनलेल्या गाड्यांना लागू आहे. हिवाळ्यात जेथे दुपारीच सांज झाल्यासारखी वाटते, त्या देशात हा शहाणपणाच म्हटला पाहिजे. लहान मुलांच्या आसनाचा पट्टा अडकवण्यासाठी पक्का खिळा हवा, वेगमापकावर किलोमीटर दिसले पाहिजेत, चोरी रोखणारी यंत्रणा हवी, या अपेक्षांनाही अर्थ आहे. आपल्या रस्त्यावर धावणाऱ्या वाहनाने आपले नियम पाळावेत, ही कोणत्याही सार्वभौम राष्ट्राची रास्त अपेक्षा आहे. भारतही नव्या मोटारीच्या आयातीसाठी उजव्या बाजूचे स्टिअरिंग आणि किलोमीटर दाखवणारा वेगमापक यांची अट घालतो, आणि ती गाडी मुंबई, न्हावाशेवा यांसारख्या नेमून दिलेल्या सीमाशुल्क केंद्रांतूनच आत येऊ देतो.

म्हणजे शासनाने घातलेली वाट लांब होती, पण ती बंद नव्हती. बंद होते ते दुसरेच दार.

अमेरिकेतील अनेक विक्रेत्यांनी कॅनडाच्या ग्राहकाला नवी गाडी विकण्यास सरळ नकार दिला. कारण मोटार कंपन्यांनी त्यांना तसे बजावले होते. नव्या गाड्या निर्यातीसाठी विकणाऱ्या विक्रेत्यावर आर्थिक भुर्दंड बसे. गाड्यांचा पुरवठा कमी होण्याची भीती असे. काही कंपन्यांनी सीमापार नेलेल्या गाडीची हमी कॅनडात मान्य करण्यास नकार दिला, तर आवश्यक पत्र मिळवताना ग्राहकाची दमछाक होई. खिशात पैसे आहेत, कायदा आड येत नाही, गाडी समोर उभी आहे. आणि तरीही केवळ पत्ता कॅनडाचा आहे म्हणून विक्रेता मान हलवतो!

यातील विसंगती पाहा. होंडाची सिव्हिक ऑन्टारिओ प्रांतातील ॲलिस्टन येथे बनत होती, टोयोटाची कोरोला त्याच प्रांतातील केंब्रिज येथे. तेथून या गाड्या अमेरिकेत विक्रीला जात. प्रत्येक मोटारीच्या सांगाड्यावर जो ओळख क्रमांक कोरलेला असतो, त्याचे पहिले अक्षर '२' असेल तर ती गाडी कॅनडात बनलेली आहे असे समजावे. म्हणजे कॅनडाच्या कामगाराने घडवलेली गाडी सीमा ओलांडून अमेरिकेत विनासायास जाते. तिच्या घडणीतील सुटे भागही सीमेवरून ये-जा करतात. परंतु त्याच कामगाराचा शेजारी ती गाडी पलीकडून विकत घेऊन घरी आणू पाहतो, तेव्हा ती 'परदेशी' ठरते. वस्तूला सीमा नाही, भांडवलाला सीमा नाही. सीमा आहे ती केवळ ग्राहकाला.

कोणी म्हणेल, कंपन्यांनी कॅनडातील विक्रेत्यांच्या हितासाठी, तेथील रोजगारासाठी असे केले असेल. हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो, पण इतिहास त्याला साक्ष देत नाही. कारण याच्या नेमके उलट नाट्य चार-पाच वर्षांपूर्वी घडून गेले होते. कॅनडाचा डॉलर स्वस्त होता तेव्हा गाड्या कॅनडात स्वस्त होत्या, आणि अमेरिकेचा ग्राहक उत्तरेकडे निघाला होता. त्या वेळीही कंपन्यांनी हीच बंदी घातली, फक्त दिशा उलटी होती. अमेरिकी ग्राहकांनी त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली आणि ते खटले वर्षानुवर्षे चालले. डॉलर चढो वा उतरो, हरणारा ग्राहकच, मग तो कोणत्याही देशाचा असो. तेव्हा येथे प्रश्न देशप्रेमाचा नव्हता. प्रत्येक बाजारपेठेकडून तेथे मिळू शकेल तेवढी किंमत वसूल करावी, एवढेच गणित त्यामागे होते.

युरोपने मात्र वेगळी भूमिका घेतली. नव्वदच्या दशकात इटलीचे चलन घसरले आणि तेथील मोटारी जर्मनी व ऑस्ट्रियाच्या मानाने बऱ्याच स्वस्त झाल्या. जर्मन ग्राहक आल्प्स ओलांडून इटलीत येऊ लागला. फोक्सवॅगन कंपनीने आपल्या इटलीतील विक्रेत्यांना या ग्राहकांना गाड्या विकण्यापासून रोखले. युरोपीय आयोगाने जानेवारी १९९८ मध्ये त्याबद्दल कंपनीला १०.२ कोटी एक्यूचा, म्हणजे तेव्हाच्या युरोपीय हिशेबी चलनाचा, दंड ठोठावला. पुढे न्यायालयाने तो ९ कोटी युरोवर आणला, पण दोष कायम राहिला आणि २००३ साली सर्वोच्च युरोपीय न्यायालयानेही तो मान्य केला. बाजार एक आहे असे म्हणायचे असेल, तर तो ग्राहकासाठीही एक असला पाहिजे, हा त्या निर्णयाचा आशय.

बंधुभगिनींनो, येथे एक शंका मनात येणे स्वाभाविक आहे. स्वदेशीचा पुरस्कार करणाऱ्यांनी परदेशात जाऊन खरेदी करणाऱ्या ग्राहकाची बाजू घ्यावी काय? या शंकेचे उत्तर कॅनडाच्याच जुन्या अनुभवात आहे.

१६ जानेवारी १९६५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन आणि कॅनडाचे पंतप्रधान लेस्टर पिअर्सन यांनी मोटार उद्योगाविषयीच्या करारावर स्वाक्षऱ्या केल्या. त्या करारानेही करमुक्त आयातीची सवलत कॅनडाच्या ग्राहकाला दिली नव्हती; ती मिळाली फक्त उत्पादकांना. परंतु कॅनडाने ती फुकट दिली नाही. तुम्ही आमच्या देशात जितक्या मोटारी विकता, त्या प्रमाणात येथे बनवा. आमच्या कामगाराच्या श्रमाचा ठरावीक वाटा त्यात असू द्या. मगच दार उघडेल, असे बजावले. त्यामुळे ऑन्टारिओत कारखाने वाढले, लाखो हातांना काम मिळाले. ग्राहकाने थोडी झळ सोसली, पण त्या त्यागाच्या बदल्यात राष्ट्राच्या पदरात काही पडले. जागतिक व्यापार संघटनेच्या निर्णयानंतर २००१ मध्ये तो करार संपला.

१९६५ चे कुंपण आणि २००७ चे कुंपण यांतील भेद हाच आहे. पहिले राष्ट्राने घातले होते, उघडपणे, कायद्याने आणि काही मोबदला ठरवून. दुसरे कंपन्यांनी घातले, आडवाटेने, आणि त्याचा मोबदला राष्ट्राला काहीच नव्हता. एक त्याग होता, दुसरी लूट. स्वदेशीच्या नावाखाली या दोहोंची गल्लत होऊ देता कामा नये.

दत्तोपंत ठेंगडी यांनी हा विचार फार पूर्वीच मांडला होता. मालक आणि कामगार या दोघांच्या वाटाघाटींत तिसरा पक्ष म्हणून ग्राहकाचा विचार झाला पाहिजे, कारण ग्राहकहित हे राष्ट्रहिताच्या सर्वांत निकटचे आहे, असा त्यांच्या मांडणीचा आशय होता. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम उभे केले, ते याच श्रद्धेतून. ग्राहक संघटित झाला तर बाजाराला शिस्त लागते. कॅनडातही हेच दिसले. लोक सीमेकडे निघाले, वृत्तपत्रांत किमतींचे तक्ते झळकले, ऑक्टोबर २००७ मध्ये अर्थमंत्री जिम फ्लाहर्टी यांनी किरकोळ व्यापाऱ्यांना बोलावून दर उतरवण्याचा आग्रह धरला, आणि मग कित्येक मोटार कंपन्यांना सवलती जाहीर कराव्या लागल्या. आधी उघड तुलना झाली, भाव त्यानंतर उतरला.

ग्राहकाची वाट उघड असावी, हेही तितकेच महत्त्वाचे. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात सीमाशुल्क विभागाने 'नुमखोर' नावाची मोहीम हाती घेतली. भूतानमार्गे महागड्या जुन्या गाड्या चोरवाटेने आणून, बनावट कागदांच्या आधारे त्यांची नोंदणी केल्याचा आरोप त्यामागे होता. कर चुकवून आणलेली गाडी ही स्वस्त गाडी नव्हे. तिची उरलेली किंमत कर भरणारा प्रामाणिक नागरिक मोजत असतो. कॅनडातील कुटुंबे रांगेत उभी राहून कर भरत होती, म्हणूनच त्यांच्या गाऱ्हाण्याला नैतिक वजन होते.

२०२५ मध्ये चक्र पुन्हा फिरले. अमेरिकेने एप्रिलमध्ये आयात मोटारींवर २५ टक्के शुल्क लादले, कॅनडाने त्याच महिन्यात प्रत्युत्तर दिले, आणि पलीकडून गाडी आणू पाहणाऱ्या सामान्य ग्राहकाचे गणित बदलून गेले. परंतु कॅनडाच्या शासनाने एक गोष्ट १९६५ प्रमाणेच केली. ज्या कंपन्या कॅनडात उत्पादन चालू ठेवतील, त्यांना काही गाड्या या प्रतिशुल्काविना आणण्याची मुभा दिली. ऑक्टोबरमध्ये दोन बड्या कंपन्यांनी तेथील उत्पादनातून अंग काढून घेताच त्यांची ही मुभा कमी करण्यात आली. बाजार हवा असेल तर कारखाना ठेवा, हे सांगण्याचा कणा राष्ट्राजवळ असला की करारालाही अर्थ येतो.

आपल्यासाठी हे सारे दूरचे नाही. २४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटन यांनी व्यापक व्यापार करारावर स्वाक्षऱ्या केल्या. ब्रिटनमध्ये बनलेल्या मोटारींवरील १०० टक्क्यांहून अधिक असलेले शुल्क, ठरावीक संख्येच्या मर्यादेत, टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर आणण्याची तरतूद त्यात आहे. असे करार पुढेही होतील आणि ते व्हावेतही. जगाकडे पाठ फिरवून कोणतेही राष्ट्र मोठे होत नाही. पण अशा प्रत्येक करारासमोर दोन प्रश्न विचारण्याची सवय आपल्या घराघरांत लागली पाहिजे. कमी झालेले शुल्क ग्राहकाच्या खिशापर्यंत पोहोचले, की मध्येच कंपनीच्या नफ्यात मुरले? आणि उघडलेल्या दाराच्या बदल्यात पुणे, चाकण, नाशिक येथील कारखान्यांतील तरुणांच्या हाताला काय मिळाले?

पहिला प्रश्न ग्राहकाचा आहे, दुसरा राष्ट्राचा. दोन्हींची उत्तरे समाधानकारक असतील, तर तो व्यापार खऱ्या अर्थाने मुक्त. एकाचे उत्तर समाधानकारक असेल, तर तो सौदा. तो डोळसपणे स्वीकारावा. दोन्हींची उत्तरे नकारार्थी असतील, तर त्याला व्यापार म्हणू नये.

पुढच्या पाडव्याला घरी नवी गाडी येईल तेव्हा तिला हार अवश्य घाला, नारळही फोडा. पण त्याआधी तिच्या किमतीचा कागद एकदा नीट वाचा. त्यातले किती श्रमाचे, किती कराचे आणि किती कोणाच्या मक्तेदारीचे, हे विचारा. प्रश्न विचारणारा ग्राहक हा राष्ट्राच्या सीमेवरचा बिनगणवेशाचा पहारेकरीच असतो.