डोक्याचा मार आणि मागाहून येणारे दुखणे



मला बोलायचा सराव नाही, शिक्षणही सातवीपर्यंतचे. तेव्हा घरात घडले तेच सांगते.

2018 साली माझी धाकटी जाऊ स्कूटरवर मागे एका बाजूला बसून जाताना पडली. डोक्यावर हेल्मेट नव्हते. ते चालवणाऱ्यानेच घालायचे, असा आपला समज! कायदा मागे बसणाऱ्यालाही सांगतो, हे मला मागाहून कळले. गालाचे हाड मोडले, टाके पडले, आठ दिवसांनी ती घरी आली. आम्ही म्हटले, सुटलो.

तिसऱ्या आठवड्यात तिचा उजवा डोळा लाल झाला. मीच म्हटले, “डोळे आले असतील, गुलाबपाणी घाल.” एका दवाखान्यातून थेंबही आणले. लाली हटेना, उलट डोळा पुढे आला, एकाची दोन माणसे दिसू लागली. रात्री म्हणायची, “ताई, डोक्यात गिरणी चालल्यासारखे होते हो. नाडीबरोबर सूं सूं वाजते.” मला वाटले, पडल्याची धास्ती बसली आहे. त्या वाटण्यात बारा दिवस गेले.

शेवटी डोळ्यांच्या एका डॉक्टरांनी मिटल्या पापणीवर नळी ठेवली, आणि तो आवाज त्यांनाही ऐकू आला! शाळेत आपण रोहिणी आणि नीला शिकलो ना, त्यातलेच हे. डोळ्यामागे कवटीच्या तळाशी नीलेचा एक कप्पा असतो आणि मेंदूकडे जाणारी मोठी रोहिणी त्यातूनच जाते. हाड मोडताना तिला चीर पडली, की जोराचे रक्त त्या कप्प्यात घुसते आणि डोळ्याकडे उलटे लोटते. मोठ्या इस्पितळात जांघेतून बारीक नळी वर नेऊन, तारेची वेटोळी भरून ती वाट बुजवली. कवटी उघडावी लागली नाही. शुद्धीवर येताच म्हणाली, “ताई, गिरणी बंद झाली.” डोळा मागे बसला, पण नजर अंधूक ती अंधूकच राहिली. तिच्या सुईत दोरा मीच ओवते.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितले. कानशिलाचे हाड मोडून आतली रोहिणी फाटली, तर माणूस उठून बसतो, चहा पितो, बोलतो; आणि काही तासांनी डोके ठणकते, उलट्या होतात, गुंगी येते. आपण म्हणतो, दमलाय, झोपू दे. ती झोप नव्हे. त्याला तसेच उचलून इस्पितळात न्यायचे. हाड मोडल्यावर आठवड्यांनी नाकातून भळभळा रक्त आले, तरी तसेच.

फार बोलले. आता बसते.