एका टीव्हीपुढे दोघं

बचत गटाच्या बैठकीत हिशेब संपला की हल्ली एक विषय हमखास निघतो : ‘पोरगं बोलतच नाही.’ चौदा-पंधरा वर्षांचं पोर. दहावीचे विषय राहिलेले असतात, नाहीतर घरात कर्जावरून रोजची भांडणं. विचारलं तर ‘काही नाही’ म्हणायचं आणि ताट घेऊन आत जायचं. समोर बसवून ‘काय झालं, सांग’ म्हटलं की आणखीनच गप्प.

आपलं कसं असतं बघा. खुरपायला बसलो की शेजारणीजवळ मन मोकळं होतं. हात कामात, नजर मातीत. मुलांनाही अशी सोबत लागते. म्हणून आज बोलूया जुन्या व्हिडिओ गेमबद्दल. टीव्हीला वायर जोडून, कॅसेट घालून खेळायचा तो डबा. कुणाच्या तरी माळ्यावर अजून सापडेल.

मोबाईलवरच्या खेळात पोर एकटंच असतं. या डब्याला दोन रिमोट. इंटरनेट नाही, पैसे मागणं नाही, अनोळखी माणूस नाही. बटणं मोजकी, त्यामुळे आपल्यालाही जमतं.

मारिओ हा खेळ १९८५ सालचा. त्यात पाळीपाळीनं खेळायचं. एकाचा डाव गेला की दुसऱ्याची पाळी. पाळीची वाट बघताना हात रिकामे असतात, आणि तेव्हाच एखादं वाक्य निघतं. कॉन्ट्रा मात्र दोघांनी एकदम खेळायचा. त्यात धबधब्याचा टप्पा आहे. एकजण घाईनं वर चढला, तर खाली राहिलेल्याचा जीव जातो. एकाचे सगळे जीव संपले, तर जोडीदाराच्या शिल्लक जिवांतला एक घेता येतो. शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणावी तसा! खेळ गोळीबाराचा आहे, नको वाटला तर मारिओ पुरे.

आता आपण काय करायचं? ‘मला शिकव रे’ म्हणायचं. आपण हरणारच, हसून हरायचं. नेहमी बोलणी खाणारं पोर आज आपल्याला शिकवतं, हे त्याच्यासाठी मोठं असतं. खेळताना अभ्यासाचा विषय काढायचा नाही. तो काही बोलला तर ऐकायचं. लगेच सल्ला नको आणि त्याची गोष्ट गावभर नको. अर्धा तास खेळायचं, मग बंद. मुलींनाही बसवा, गप्प त्याही असतात. बापाला वेळ असेल तर त्यालाही दुसरा रिमोट द्या.

पण मैत्रिणींनो, खेळ म्हणजे औषध नव्हे, बोलणं सुरू करायची ती एक वाट आहे. झोप उडाली, जेवण सुटलं, आवडीच्या वस्तू वाटून टाकल्या, ‘मी नसलेलंच बरं’ असं तोंडातून आलं, तर थांबू नका. ‘जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का?’ असं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट भार हलका होतो. त्याला एकटं सोडू नका. फवारणीचं औषध कुलपात ठेवा, किल्ली स्वतःजवळ. आणि १४४१६ ला फोन लावा. ही सरकारची टेली मानस सेवा, २०२२ साली सुरू झाली. फुकट, रात्रंदिवस, मराठीतूनही बोलता येतं. मुलांसाठी १०९८ हाही नंबर आहे.

दोन्ही नंबर चुलीजवळच्या भिंतीवर लिहून ठेवा. आणि आज रात्री भांडी झाली की पोराशेजारी जाऊन बसा.