पुसून गेलेले हसू



आज मी तुम्हांला काही इंग्रज विनोदी नटांची ओळख करून देणार आहे. चार्ली चॅप्लिन, लॉरेल आणि हार्डी ही नावे तुम्हांला परकी नाहीत. पण टोनी हँकॉक, आर्थर हेन्स, हॅरी वर्थ, चार्ली ड्रेक? ही नावे बहुधा नाहीच ऐकली. त्यात लाजण्यासारखे काही नाही. खुद्द इंग्लंडातल्या कॉलेजच्या पोराला विचारले, तर तोही अडखळेल. त्याच्या आजोबांना मात्र विचारा. म्हातारा आधी हसेल आणि मग सांगू लागेल. ही सारी मंडळी कृष्णधवल टेलिव्हिजनच्या काळातली. घराघरांत शिरलेली, आणि तरीही अर्धीमुर्धी विसरली गेलेली. ती का विसरली गेली, हे आज पाहायचे आहे. कारण 'काळ लोटला' एवढे म्हणून ते उत्तर पुरे होत नाही.

बी.बी.सी.ने १९३६ साली लंडनमध्ये टेलिव्हिजनचे नियमित कार्यक्रम सुरू केले. १९३९ मध्ये महायुद्धामुळे ते थांबले आणि १९४६ मध्ये पुन्हा सुरू झाले. १९५३ साली एलिझाबेथ राणीचा राज्याभिषेक झाला, तो सोहळा पाहता यावा म्हणून पुष्कळांनी संच घरी आणला. १९५५ मध्ये जाहिरातींवर चालणारी आय.टी.व्ही. ही दुसरी वाहिनी निघाली आणि दोघींची चढाओढ लागली. रंगीत चित्र आले ते १९६७ मध्ये, आणि मुख्य वाहिन्यांवर पोचायला १९६९ चे वर्षअखेर उजाडले. मधला जो काळ, तो ह्या नटांचा.

त्याआधी विनोदी नटाचे पोट चाले ते नाटकगृहांतल्या 'व्हरायटी'च्या खेळांवर. गाणे, जादू, कसरत आणि मध्ये दहा मिनिटे विनोद. आपल्याकडे कीर्तनकार एकच आख्यान दहा गावी लावतात ना, तसे हे नट तीच दहा मिनिटे वर्षानुवर्षे गावोगाव करीत. आज लीड्स, पुढच्या आठवड्यात ग्लासगो. श्रोते नवे, म्हणून विनोदही नवा. टेलिव्हिजनने हे गणितच मोडले. एका रात्रीत सारा देश तो विनोद ऐकणार, आणि पुढच्या आठवड्यात म्हणणार, "आता नवीन काय?" दहा वर्षांची शिदोरी एका बैठकीत संपली. पुष्कळ नामवंत नट तिथेच थकले. टिकले ते, ज्यांना चांगला लेखक मिळाला किंवा ज्यांच्यापाशी स्वतःचा असा एक स्वभाव होता.

स्वभावाचा राजा म्हणजे टोनी हँकॉक. ह्याचा 'हँकॉक्स हाफ अवर' १९५४ मध्ये रेडिओवर सुरू झाला आणि १९५६ मध्ये टेलिव्हिजनवर आला. लेखक दोघे, रे गॅल्टन आणि अ‍ॅलन सिम्प्सन. हे दोघे भेटले कुठे, तर क्षयरोग्यांच्या आरोग्यधामात. तिथल्या रुग्णांसाठी छोटासा रेडिओ होता, त्याच्यासाठी त्यांनी पहिले विनोद लिहिले. त्यांनी उभा केलेला हँकॉक हा मोठेपणाची हौस असलेला आणि खिशाने रिकामा माणूस. आपले चिमणराव आठवा. फक्त भोळेपणा थोडा कमी आणि ताठा थोडा जास्त. त्याच्या तोंडी टाळीचे विनोद फारसे नसत. भुवई खाली यायची, गाल लोंबायचे, आणि लोक हसायचे. नाटकगृहात शेवटच्या रांगेला ती भुवई दिसलीच नसती. छोट्या पडद्याने ती घरात आणली.

१९६१ सालचा त्याचा रक्तदानाचा भाग अजून सांगितला जातो. हे गृहस्थ मोठ्या उदारपणाने रक्त द्यायला जातात. बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त तपासायला घेतात, तेवढ्यावर त्यांना वाटते की झाले दान! खरे किती द्यायचे ते कळल्यावर धाबे दणाणते. आपला रक्तगट दुर्मीळ आहे म्हटल्यावर लगेच छाती फुगते. शेवटी घरी पाव कापताना हात कापून घेतात, आणि इस्पितळात त्यांचेच रक्त त्यांना परत चढवावे लागते. शिक्षकबंधूंनी ही गोष्ट वर्गात सांगून पाहावी. मुले हसतील, आणि दानाचा दिमाख म्हणजे काय, हेही त्यांना कळेल. ह्या भागाच्या सुमारास हँकॉकला मोटार-अपघात झाला होता. पाठांतराला सवड मिळाली नाही, म्हणून समोर ठेवलेल्या फलकांवरून वाचून त्याने काम केले. आज तो भाग पाहिला तर त्याची नजर समोरच्या नटाच्या बाजूने भलतीकडेच जाताना दिसते.

त्याच सुमारास त्याने आपल्या दोघा लेखकांची साथ सोडली. एकट्याने मोठे व्हायचे होते. पुढे ते यश पुन्हा आले नाही, दारू मात्र वाढली. १९६८ च्या जूनमध्ये ऑस्ट्रेलियात सिडनी येथे त्याने आपल्या हाताने जीवन संपवले. वय ४४. देशाला हसवणारा माणूस परमुलुखात एकटा गेला.

बाकीच्यांचीही थोडक्यात ओळख करून घ्या. हॅरी वर्थ हा खाणकामगार. चौदाव्या वर्षी कोळशाच्या खाणीत उतरला. बोलक्या बाहुल्यांचे खेळ स्वतःच शिकला, आणि लॉरेल-हार्डींच्या दौऱ्यात काम मिळवले. बाहुल्या ठेव आणि तू स्वतःच हसव, हा सल्ला त्याला हार्डीने दिला. पुढे टेलिव्हिजनवर त्याचा कार्यक्रम सुरू होताना तो मँचेस्टरच्या एका दुकानाच्या कोपऱ्याशी उभा राही आणि एक हात, एक पाय वर उचली. काचेत प्रतिबिंब पडून दोन्ही हात, दोन्ही पाय अधांतरी झाल्यासारखे दिसत. देशभरच्या पोरांनी दुकानांच्या काचांशी हा खेळ करून पाहिला.

चार्ली ड्रेक ठेंगणा, पडण्या-आपटण्याचा विनोद करणारा. १९६१ साली थेट प्रक्षेपणात त्याला पुस्तकांच्या कपाटातून आरपार फेकायचे होते. कपाट हात लागताच मोडेल असे मुद्दाम सैल ठेवलेले. कुणा कष्टाळू कामगाराला वाटले, कपाट मोडके आहे, म्हणून त्याने ते नीट ठोकून पक्के केले! ड्रेक त्यावर आदळून बेशुद्ध झाला, कवटीला तडा गेला. दोन वर्षे तो पडद्यापासून दूर होता. त्या काळचे काम असे होते बघा. चूक झाली तर ती साऱ्या देशासमोर.

आणि आर्थर हेन्स. छातीवर पदके लावलेला, कुणालाच न जुमानणारा भटक्या हे त्याचे गाजलेले सोंग. साहेबी थाटाच्या माणसाला तो असा काही पेचात पकडी, की गरीब प्रेक्षकाला आपणच वाद जिंकल्यासारखे वाटे. १९६४ मध्ये त्याच्या कार्यक्रमात 'रोलिंग स्टोन्स' नावाची नवी गायक मंडळी पाहुणी म्हणून आली होती. आज त्या पाहुण्यांना जग ओळखते आणि यजमानाचे नाव सांगावे लागते. १९६६ मध्ये ५२ व्या वर्षी हेन्स हृदयविकाराने गेला. रंगीत पडदा त्याने पाहिला नाही.

ह्या गोतावळ्यात एक माणूस आपल्या मुलखात जन्मलेला आहे, हे सांगायला मला आनंद वाटतो. स्पाइक मिलिगन १६ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला जन्मला. वडील ब्रिटिश फौजेत. बालपणाचा बराच काळ पुण्यात गेला. १९५१ ते १९६० पर्यंत त्याच्या 'गून शो'ने रेडिओवर धुमाकूळ घातला, आणि १९५६ मध्ये तो टेलिव्हिजनवरही आला. लंडनमध्ये एका भाजीच्या दुकानाच्या वर लेखकांची एक सहकारी कचेरी होती. ती उभारणाऱ्यांत मिलिगन होता, गॅल्टन आणि सिम्प्सन होते. हेन्सचा लेखक जॉनी स्पाइट हाही तिथलाच.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ही माणसे विसरली का गेली? पहिली गोष्ट, सुरुवातीचे पुष्कळसे कार्यक्रम थेट होत. बोलले आणि हवेत गेले. पुढे चित्रफीत आली. ती दोन इंच रुंद आणि महाग, पण पुसून पुन्हा वापरता येई. नटांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे तोच कार्यक्रम वारंवार दाखवण्यावर बंधने होती. रंग आल्यावर करडे चित्र कोण बघणार, असेही वाटले. मग कारकुनी हिशेब झाला. फितीला किंमत आहे, तिच्यावरच्या हसण्याला नाही. पुसा! हे १९७० नंतरच्या दशकातही चालू होते. हँकॉकच्या १९५६ च्या पहिल्या टेलिव्हिजन मालिकेचा एकही भाग आज उरलेला नाही. शिलालेख पडायला शतके लागतात. इथे एका बटणात काम झाले.

आणि जे परत मिळाले, ते कुणी दिले? मोठ्या संस्थांनी नव्हे, साध्या माणसांनी. हँकॉकचे १९५५ सालचे हरवलेले रेडिओ-भाग एका श्रोत्याने घरच्या यंत्रावर टिपून ठेवले होते, ते कितीतरी दशकांनी बाहेर आले. 'डॅड्स आर्मी' ह्या मालिकेचे दोन भाग २००१ मध्ये एका बागेतल्या पडवीत सापडले. १९९३ पासून तर ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने अशा हरवलेल्या कार्यक्रमांच्या शोधाची मोहीमच चालवली.

मात्र आठवणीलाही चाळण लावली पाहिजे. जुने म्हणून सगळे सोने नव्हे. ह्याच स्पाइटने १९६६ मध्ये अ‍ॅल्फ गार्नेट नावाचा एक द्वेष्टा, तोंडाळ माणूस पडद्यावर आणला. हेतू त्याची फजिती करण्याचा होता. पण काही प्रेक्षक त्याला हसण्याऐवजी त्याच्याबरोबरच हसू लागले. एखादा विनोद कुणाच्या जिवावर उभा आहे, हेही जपलेल्या फितीच सांगतात. फीतच नसेल, तर स्तुती आणि निंदा दोन्ही ऐकीव.

दिवसभर राबून आलेल्या माणसाला अर्धा तास हसवणे हे काही हलके काम नव्हे. ते करणाऱ्याला टाळी तत्काळ मिळते, पण त्याची नोंद ठेवायचे कुणाच्या मनात येत नाही. कवितेची वही आपण जपतो, शोकांतिकेला मान देतो, आणि हसवणाऱ्याला 'करमणूक झाली' म्हणून वाटेला लावतो. इंग्लंडने तसे केले आणि आता ते लोकांच्या माळ्यांवर आणि पडव्यांत शोधत फिरावे लागते. हसवणाऱ्याचे काम त्याच्या हयातीतच जपून ठेवावे, एवढे जरी त्यातून कळले, तरी हँकॉकची ती खाली आलेली भुवई पुन्हा एकदा कामी आली, असे म्हणता येईल.